संकटकाळचा वॉकी-टॉकी

२६ जुलै २००५ हा दिवस मुंबईच्या रहिवाशांना सहजासहजीं विसरतां येण्यासारखा नाहीं. सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस कोसळला. त्याच वेळीं कुलाब्यास मात्र सुमारें ७४ मिलीमीटरच पडला. दक्षिणेकडील कचेऱ्यांत बसलेल्या माणसांना उपनगरांत काय अनर्थ चालला आहे याची नीट कल्पना येण्यापूर्वींच आगगाड्या थांबल्या, रस्त्यांचे ओढे झाले, वीज गेली, आणि घरीं टेलिफोन करावा तर तोही लागेना. मुलें शाळेंत, वडील कचेरींत, आई घरीं. तिघांचाही जीव सुखरूप, पण एकाचा दुसऱ्याला पत्ता नाहीं, अशा स्थितींत कित्येक कुटुंबांनीं ती रात्र काढली. त्या रात्रीं पाण्याइतकाच जाच बातमी न कळण्याचा होता. तेव्हांपासून पुष्कळ सुशिक्षित घरांतून विचारला जाणारा प्रश्न असा कीं, अशा प्रसंगासाठीं घरांत वॉकी-टॉकीची एक जोडी ठेवावी काय, आणि ठेवावयाची तर कोणती?

मोबाइल हातांत असला तरी तो स्वतंत्र नसतो. शेजारच्या इमारतींतील माणसाशीं बोलावयाचें झालें तरी मोबाइलचा आवाज आधीं मनोऱ्यावर जातो, तेथून मुख्य केंद्रांत जातो, आणि मग परत फिरून त्या इमारतींत येतो. मनोऱ्याची वीज गेली व त्याच्या बॅटऱ्या संपल्या, केबल पाण्याखालीं गेली, किंवा एकाच वेळीं लाखों लोक टेलिफोन करूं लागले, कीं साखळीचा एक दुवा निखळतो आणि सगळी साखळी निकामी होते. वॉकी-टॉकीला अशी साखळीच नाहीं. चाळीच्या एका गॅलरींतून समोरच्या गॅलरींत हाक मारावी, त्याप्रमाणें एका यंत्रांतून निघालेली लहर सरळ दुसऱ्या यंत्रांत पोंचते. मध्यें मनोरा नाहीं, कंपनी नाहीं, कीं महिन्याचें बिल नाहीं.

हें यंत्र तसें नवें नव्हे. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यानें ‘हँडी-टॉकी’ नांवाचें एक हातयंत्र वापरलें. त्याचें वजन सव्वादोन किलोच्या आसपास होतें. ‘वॉकी-टॉकी’ हें नांव त्या काळीं पाठीवर वाहून न्यावयाच्या जड यंत्राला होतें. पुढें तेंच नांव लहान हातयंत्रालाही चिकटलें. आज तशा कामाचें यंत्र खिशांत मावतें. परंतु लहर ज्या नियमांनीं चालते ते नियम तेव्हां होते तेच आजही आहेत, आणि निवड करणाऱ्यानें प्रथम तेच समजून घेतले पाहिजेत.

पहिला नियम अंतराचा. दुकानांतील खोक्यावर ‘पल्ला दहा किलोमीटर’ असें मोठ्या अक्षरांत छापलेलें असतें. तें अगदींच खोटें नसतें. पण तें मोकळ्या, सपाट जागेचें असतें. या यंत्रांच्या लहरी बहुतांशीं सरळ रेषेंत जातात आणि पृथ्वी तर वाटोळी आहे. दीड मीटर उंचीवर धरलेल्या यंत्राचें क्षितिज सुमारें पांच किलोमीटरांवर असतें. तशींच दोन यंत्रें समोरासमोर असलीं तर पांच आणि पांच मिळून दहा. हा हिशेब समुद्रावर किंवा मोठ्या मैदानावर खरा ठरेल. शहरांत मात्र मध्यें सिमेंट-काँक्रीटच्या भिंती, लोखंडी सळया, उंच इमारती व टेकड्या असतात. तेथें लहान यंत्राला एक-दोन किलोमीटर मिळाले तरी पुष्कळ झालें. दाट वस्तींत तेवढेही मिळतीलच असें नाहीं. तळमजल्यांतून बोलणाऱ्याचा आवाज गल्लीच्या टोकालाच विरून जातो, आणि तोच माणूस गच्चीवर गेला कीं दूरवर ऐकूं येतो. पंचवीस मीटर उंच गच्चीचें क्षितिज वीस किलोमीटरांपर्यंत जातें. तेव्हां अधिक पैसे खर्चण्यापूर्वीं जिना चढावा, हा या शास्त्रांतला पहिला धडा.

दुसरा नियम शक्तीचा. पुष्कळांचा समज असा असतो कीं, यंत्राचे वॉट दुप्पट केले म्हणजे अंतरही दुप्पट होईल. तसें होत नाहीं. अगदीं मोकळ्या अवकाशांतही अंतर दुप्पट करण्यास शक्ति चौपट लागते, आणि जमिनीवर त्याहूनही अधिक. त्यांतून अधिक शक्ति म्हणजे बॅटरी अधिक लवकर रिकामी. अर्ध्या वॉटाच्या यंत्राऐवजीं पांच वॉटांचें घेतलें तरी मधली टेकडी कांहीं बाजूस सरत नाहीं.

तिसरा नियम निसर्गाचा नसून कायद्याचा आहे, आणि येथेंच बहुतेक गिऱ्हाइकें फसतात. बिनतारी लहरी ही सर्वांची सामाईक मालमत्ता. कोणी कोणत्या लहरींवर बोलावें हें सरकार ठरवितें. भारत सरकारनें २०१८ सालीं केलेल्या नियमांप्रमाणें ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यांतील अल्पशक्तीचीं हातयंत्रें परवान्याशिवाय वापरतां येतात; मात्र तें यंत्र सरकारकडून त्या जातीचें म्हणून मान्य झालेलें असलें पाहिजे. या जातीच्या यंत्रांची शक्ति साधारण अर्धा वॉट असते, आणि एवढ्याशा पट्ट्यांत सोळा वाहिन्या बसतात. याउलट, बाजारांत आणि इंटरनेटवर स्वस्तांत मिळणारीं, दोन-दोन पट्टे घेणारीं आणि हवी ती लहर लावतां येणारीं यंत्रें परवान्यावांचून चालवितां येत नाहींत. अशा यंत्राचें एक बटण चुकून फिरलें तर पोलिसांच्या, अग्निशामक दळाच्या किंवा विमानांच्या बोलण्यांत अडथळा येऊं शकतो. आणि नेमक्या संकटाच्या घटकेला असा अडथळा एखाद्याच्या प्राणावर बेतेल. परदेशांतून नातेवाइकांनीं प्रेमानें आणलेल्या यंत्रांचीही हीच गत. अमेरिकेंत घरगुती वापरास मोकळ्या असलेल्या लहरी वेगळ्या आहेत. तेथें निर्दोष असलेलें यंत्र येथें सदोष ठरतें. हा घोटाळा वाढल्यामुळें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें मे २०२५ मध्यें अशा यंत्रांच्या ऑनलाइन विक्रीसंबंधीं मार्गदर्शक तत्त्वें जाहीर केलीं. तेव्हां विकत घेणाऱ्यानें किंमत विचारण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारावेत : हें यंत्र कोणत्या लहरींवर चालतें? आणि त्याची सरकारी मान्यता कोठें लिहिली आहे? उत्तर गुळमुळीत मिळालें तर दुकान बदलावें.

आतां कोणी म्हणेल, अर्ध्या वॉटाच्या यंत्रानें फोर्टमधून अंधेरीस बोलतां येणार नाहीं. मग त्याचा उपयोग काय? आक्षेप रास्त आहे आणि तो स्वीकारलाच पाहिजे. त्या २६ जुलैस अशा यंत्रानें कचेरींतल्या वडिलांचा आवाज घरापर्यंत आला नसता. परंतु जवळच्या शाळेंत अडकलेलीं मुलें, खालच्या मजल्यावरील एकटी आजी, सोसायटीच्या चार इमारती, पाण्याची वाट पाहण्यास नाक्यावर गेलेला मुलगा, या साऱ्यांना तें एका सूत्रांत बांधूं शकतें. संकटांत पहिली मदत शेजाऱ्याचीच येते, आणि शेजारापर्यंत पोंचण्यास एवढा पल्ला पुरतो.

याहून दूर बोलावयाचें असेल तर त्यालाही राजमार्ग आहे; तो हौशी रेडिओचा, ज्याला सामान्यतः ‘हॅम’ म्हणतात. यासाठीं सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो. बारा वर्षांचें मूलही त्या परीक्षेस बसूं शकतें. परवानाधारकास १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यांवर अधिक शक्तीचें हातयंत्र वापरतां येतें, आणि उंचावर बसविलेल्या पुनःप्रक्षेपकाच्या साहाय्यानें त्याचा आवाज पुष्कळ दूर जातो. मात्र त्यानें बोलावयाचें तें परवानाधारकांशींच. या विद्येचें मोल २६ डिसेंबर २००४ रोजीं दिसून आलें. समुद्राची प्रचंड लाट अंदमान-निकोबार बेटांवर आदळली, तेव्हां भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालीं हौशी रेडिओचें एक पथक योगायोगानें पोर्ट ब्लेअर येथें होतें. नेहमींचे मार्ग तुटले असतां त्या पथकानें बेटांवरील माणसांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीकडे पोंचविले. ज्या घरांत शिकण्याची हौस आहे त्या घरानें हा मार्ग अवश्य धरावा.

यंत्राचे बाकीचे गुण थोडक्यांत पाहतां येतील. बॅटरी कोणती, हें प्रथम पाहावें. वीज दोन दिवस नसली तर चार्जिंगची बॅटरी कोठें भरणार? म्हणून साध्या पेन्सिल सेलांवरही चालणारें यंत्र घरगुती तयारीस अधिक सोयीचें. सेल मात्र यंत्रांत घालून वर्षभर ठेवूं नयेत. ते पाझरून यंत्र खातात. ते वेगळ्या पुडींत, यंत्राशेजारींच ठेवावेत. आपल्याकडील संकट बहुधा पाण्यानिशीं येतें, म्हणून पाण्यापासूनचें संरक्षणही पाहावें. यंत्रावर ‘आयपी’ या अक्षरांपुढें दोन आंकडे असतात. त्यांतील दुसरा आंकडा पाण्याचा : चार असेल तर शिंतोडे सोसतो, सात असेल तर एक मीटर पाण्यांत अर्धा तास बुडाला तरी चालतो. बटणें मोठीं असावींत व तीं चुकून दाबलीं जाऊं नयेत म्हणून कुलपाची सोय असावी. ‘गुप्त बोलण्याच्या’ आंकड्यांची जाहिरात असते, तिला भुलूं नये. त्यांनीं दुसऱ्यांची बडबड आपल्या कानीं पडत नाहीं इतकेंच. आपलें बोलणें मात्र त्या वाहिनीवरील कोणालाही ऐकूं जातें. तेव्हां घराच्या किल्ल्या कोठें आहेत, हें त्यावर सांगूं नये.

इतकें पाहून घेतलेलें यंत्रही कपाटांत पडून राहिलें तर व्यर्थ. आणल्या दिवशींच एकानें घरीं बसावें, दुसऱ्यानें शाळा, बाजार, स्टेशन असें चालत जावें, आणि आवाज कोठपर्यंत येतो तें कागदावर लिहून ठेवावें. तो कागद खोक्यावरील आंकड्यापेक्षां अधिक खरा. मग वाहिनी ठरवावी, आणि वेळही ठरवावी. यंत्र दिवसभर चालू ठेवलें तर बॅटरी संपेल. म्हणून दर तासाच्या पहिल्या पांच मिनिटांत सर्वांनीं ऐकावयाचें, असा नेम असावा. बटण दाबावें, क्षणभर थांबावें, मग थोडक्यांत बोलावें, ‘ओव्हर’ म्हणावें आणि बटण सोडावें. कारण एक बोलत असतां दुसऱ्याला बोलतां येत नाहीं. हा अभ्यास महिन्यांतून एकदां मुलांकडूनही करवून घ्यावा. त्यांना तो खेळ वाटेल, आणि वाटावाच.

एक गोष्ट मात्र कोणीही विसरूं नये. वॉकी-टॉकीवरून पोलीस किंवा रुग्णवाहिका बोलावतां येत नाहीं. त्यासाठीं, टेलिफोन चालू असेल तोंवर, ११२ हाच क्रमांक. सरकारी सूचना ऐकण्यास सेलवर चालणारा साधा रेडिओही घरांत हवाच. वॉकी-टॉकीचें काम याहून लहान आहे. दिवे गेलेले, पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर आलेलें, आणि अशा वेळीं गल्लीच्या पलीकडून ओळखीचा आवाज यावा : “मी शाळेंतच आहें, वरच्या मजल्यावर आहें, सगळें ठीक आहे, ओव्हर.” एवढें एक वाक्य ऐकूं आलें तर आई त्या पाण्यांत मुलाला शोधावयास उतरत नाहीं, आणि तिनें न उतरणें यांतच कदाचित् दोघांचाही जीव वांचलेला असतो.