सोळा चौकटींत पेरलेला ठेका

नागपूर : लग्नसराई आली की नागपुरात आणि आजूबाजूच्या खेड्यांत धुमाल दणाणते. ढोल-ताशाला पॅड आणि कीबोर्डाची जोड असते. भजनी मंडळांतही आता तालयंत्र पोहोचले आहे. "ढोलकवाला पुण्याले कामाले गेला, मंग भजन बंद ठेवाचं का?" हा सवाल रास्तच. पण यंत्र आणले म्हणजे ताल आला, असे नाही. ठेका त्यात आपणच भरावा लागतो.

कसा भरायचा? कपाशीची चौफुली आठवा. खुणेच्या जागीच आपण सरकी डोबतो. अशा यंत्रात बहुधा १६ चौकटी असतात, प्रत्येकीला एक बटण. बटण दाबले तिथे आवाज उगवतो, बाकी जागा कोरी राहते.

केरवा ८ मात्रांचा : धा गे ना ती, न क धी ना. म्हणजे मात्रेला २ चौकटी. डग्ग्याचा घुमारा १, ३ व १३ वर लावा. तबल्याची थाप १, ५, ७, ९, १३ व १५ वर. 'क'चा दबका आवाज ११ वर. मधे डग्गा गप्प राहतो, ती खाली. तिथेच ठेक्याला उठाव येतो. दादरा ६ मात्रांचा, म्हणून शेवटची चौकट १२ ठरवावी. १६ तशीच ठेवली तर सम चुकलीच समजा.

जपानच्या रोलँड कंपनीने १९८० मध्ये टीआर-८०८ हे असेच यंत्र काढले. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी ते वापरून १९८२ मध्ये १० रागांची ध्वनिमुद्रिका केली. तेव्हा तिची फारशी दखल घेतली गेली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि परदेशातही गाजली. यंत्र जपानचे, पण राग त्यांच्या हातात आधीच होते.

गावातही तेच. गाणारा रंगात येऊन लय चढवतो, तेव्हा ढोलकवाला त्याच्या तोंडाकडे पाहून हात चालवतो. यंत्राले तोंड दिसत नाही बाप्पा, ते लावल्या गतीनेच चालते.

म्हणून मंडळांनी यंत्र जरूर घ्यावे, पण ठेका भरताना गावातल्या जुन्या ढोलकवाल्याला शेजारी बसवावे. पोरांना आधी हातावर मात्रा मोजायला शिकवावे. आणि यंत्रासाठी वर्गणी गोळा कराल, तेव्हा त्या म्हाताऱ्याचे मानधनही त्यातच धरा.