कडी स्वस्त, सौदा महाग

आमचा धंदा कापडाचा. सूत, यंत्रमाग आणि गिऱ्हाईक यांच्यात आमची तीस वर्षे गेली. तेव्हा मासे गरवण्याच्या रॉडवर आम्ही काय लिहिणार, असे वाचकांना वाटेल. पण आमच्या भाच्याच्या धंद्याने आम्हाला या विषयात ओढले, आणि पाहतो तर त्याचे नुकसान आमच्या ओळखीच्याच जागी झाले होते. दोरा जिथे कडीतून जातो तिथे!

भाचा रत्नागिरीकडे असतो. गिऱ्हाइकाच्या मापाचा आणि पसंतीचा रॉड तो बांधून देतो. कार्बन फायबरची पोकळ काठी तयार मिळते. तिच्यावर मूठ, रिळाची बैठक आणि कड्या तो हाताने बसवतो. या कडीला धंद्यात ‘गाईड’ म्हणतात. किनाऱ्यावरून फेकायच्या लांब रॉडवर साधारण सात ते नऊ गाईड असतात, शिवाय शेंड्याला एक. प्रत्येकाचा पाय नायलॉनच्या दोऱ्याने काठीला घट्ट गुंडाळायचा आणि वर इपॉक्सीचा लेप द्यायचा. काम नाजूक आहे आणि मजुरीही बरी सुटते.

आखातातून सुट्टीवर आलेल्या चौघांसाठी त्याने चार रॉड बांधले. दोन महिन्यांत तीन परत आले. एकाची आतली कडी निखळून पडली होती. दुसऱ्याच्या गाईडच्या पायाशी लेपाखाली तांबूस गंज दिसत होता. तिसऱ्याचा मालक जास्त चिडला होता. खाडीत मोठा जिताडा लागला असताना त्याचा दोरा तुटला, आणि तो सगळे पैसे परत मागत होता. भाचा आम्हाला म्हणाला, “मामू, यांनीच आपटले असणार.”

आम्ही कापसाचा बोळा मागितला आणि तो शेंड्याच्या कडीतून फिरवला. कापसाचे तंतू कडीला अडकले. माग चालवणाऱ्या माणसाला ही गोष्ट शिकवावी लागत नाही. धोट्याच्या तोंडाशी चिनी मातीची कडी असते, तिला बारीक तडा गेला की बाण्याचा दोरा तुटत राहतो. मालक सुताला शिव्या देतो आणि दोष कडीचा असतो. पॉलिएस्टरच्या चकाकी कमी केलेल्या धाग्यात टायटॅनियम डायऑक्साइडचे कण असतात. तो धागा मऊ दिसतो, पण लोखंडी कडीत चर पाडतो. म्हणून तिथे सिरॅमिकच्या कड्या वापरतात.

रॉडचेही तसेच आहे. पूर्वी साधा तंगूस वापरत. १९९० च्या दशकापासून पॉलिएथिलीनच्या बारीक तंतूंचा गुंफलेला दोरा बाजारात आला. तो जाडीला कमी आणि ताकदीला जास्त, पण गुंफणीत वाळूचे आणि मिठाचे कण धरून ठेवतो. वाळूचा कठीणपणा मोह्‌सच्या मापाने ७, स्टीलचा त्याहून कमी. त्यामुळे साध्या तारेची किंवा वरवर मुलामा दिलेली कडी या दोऱ्याने हळूहळू कापली जाते, आणि मग तोच चर दोऱ्याला कापतो. ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या कडीचा कठीणपणा ९ आहे, सिलिकॉन कार्बाइडचा त्याहून थोडा जास्त. सिलिकॉन कार्बाइड घर्षणाची उष्णताही लवकर पसरवते. हा दोरा दीडशे अंशांच्या आसपास वितळतो, म्हणून मोठा मासा वेगाने पळतो तेव्हा या गुणाचा उपयोग होतो. जपानच्या ‘फुजी’ कंपनीने अशा कड्यांना जगभर नाव मिळवून दिले.

मात्र कठीण वस्तू ठिसूळही असते. गळाचे टोक कडीतच अडकवून ठेवणे, चालताना शिसे लोंबकळत शेंड्यावर आपटणे, गाडीच्या दारात रॉड सापडणे, यांनी कडीला डोळ्यांना न दिसणारा तडा जातो. वाकलेली चौकट पकडीने सरळ केली की आतली कडी सैल होते. आणि लेपाला भेग पडली की खारे पाणी पायापर्यंत जाते. स्टील चांगले असले तरी तिथे गंजू लागते. टायटॅनियमची चौकट गंजत नाही, पण किंमत चढते. प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने रॉड धुऊन पुसला तर अर्धी दुखणी टळतात.

दुरुस्ती जमण्यासारखी आहे. शेंड्याची कडी डिंकाने चिकटवलेली असते. तिच्या धातूच्या नळीला थोडी ऊब दिली की ती सरळ ओढून निघते. आच काठीला लागू देऊ नये. इतर गाईड काढताना पाते धातूच्या पायावर चालवावे, काठीवर कधीच नाही. कार्बनवर ओरखडा पडला की काठी पुढे तिथेच मोडते. नव्या गाईडच्या पायाचे टोक कानशीने पातळ करावे, नाहीतर ते काठीला टोचत राहते. लेप दिल्यावर तो बसेपर्यंत रॉड सावकाश फिरवत ठेवावा आणि पुरा एक दिवस हात लावू नये.

आता हिशेबाचे बोलू. भाच्याने सुटे, बिननावाचे गाईड घेऊन रॉडमागे पाचसातशे रुपये वाचवले होते. तीन रॉड उकलून पुन्हा बांधण्यात चारही रॉडचा नफा गेला. आम्ही त्याला सांगितले, आपटल्याचा दोष गिऱ्हाइकाचा असेल, पण कडी कसली घातली हे तू त्याला सांगितले नव्हतेस, हा दोष तुझा. त्याने तिन्ही रॉड आपल्या खर्चाने बांधून दिले. दोघे पुन्हा काम घेऊन आले. जिताडा गमावलेला गृहस्थ मात्र आला नाही.

आता भाचा पावतीवर कडीचा आणि चौकटीचा प्रकार लिहितो. तडा आणि गंज कशाने येतो ते गिऱ्हाइकाला आधी समजावतो, आणि बांधणीची एक वर्षाची हमी देतो. माल देताना गिऱ्हाइकासमोर प्रत्येक कडीतून कापूस फिरवून दाखवतो. आमच्या भावांपैकी जे तरुण हातकामाचा असा लहान धंदा सुरू करू पाहतात, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: काटकसर करायची तर डब्यात, पिशवीत, रंगात करावी. ज्या जागेवर सगळा ताण येतो तिथे करू नये.