पदकांचे कोष्टक पेन्सिलीनेच लिहावे!

ऑलिंपिक सुरू झाले की आमच्या घरात एक जुनी वही माळ्यावरून खाली येते. रोज रात्री जेवणे आटोपली की पदकांचे कोष्टक मी त्यात उतरवून काढतो. शाळेपासूनची ही खोड. परवा धाकटी लेक प्रश्नमंजूषेची तयारी करत होती. तिने विचारले, ‘‘बाबा, २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये चीनची सुवर्णपदके किती?’’

‘‘५१!’’ मी वही न उघडताच म्हणालो.

‘‘चूक. ४८!’’ हातातल्या पुस्तकावर बोट ठेवत ती म्हणाली.

मी तावातावाने वही काढली. पानावर शाईने ठळक ५१ लिहिले होते. मग शोधाशोध केली, तेव्हा कळले की आम्ही दोघेही बरोबर होतो. स्पर्धा संपली त्या दिवशी चीनची सुवर्णपदके ५१ च होती. पण बीजिंगमध्ये घेतलेले खेळाडूंचे नमुने जपून ठेवले होते. नव्या, अधिक बारीक पद्धतीने ते पुन्हा तपासले गेले आणि २०१७ च्या जानेवारीत तीन चिनी महिला वेटलिफ्टर्सची सुवर्णपदके गेली. असे नमुने आता दहा वर्षांपर्यंत पुन्हा तपासता येतात.

तरीही चीनचा पहिला क्रमांक टिकला, कारण अमेरिकेची सुवर्णपदके ३६ होती. आपल्याकडे आधी सुवर्ण मोजतात, बरोबरी झाली तर रौप्य, मग कांस्य. म्हणजे एक सुवर्ण दहा रौप्यांना भारी! अमेरिकेतली वृत्तपत्रे मात्र बहुधा एकूण पदके मोजतात. त्या हिशेबाने बीजिंगमध्ये अमेरिकाच पहिली. रिलेत चौघे धावले तरी देशाच्या खात्यात पदक एकच पडते, हेही लेकीला सांगितले.

‘‘मग पहिला बाद झाला की दुसरा आपोआप पहिला?’’ तिचा पुढचा प्रश्न.

बहुतेक वेळा होतो, पण आपोआप नाही. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमधले १०० मीटरचे सुवर्ण मॅरियन जोन्सकडून २००७ मध्ये काढून घेतले. दुसरी आलेली ग्रीसची थानू २००४ मध्ये उत्तेजक चाचणी चुकवल्याच्या प्रकरणात सापडली होती. तिला सुवर्ण दिलेच नाही. ती जागा आजही रिकामी आहे.

त्याहून अजब गोष्ट लंडनची. २०१२ मध्ये पुरुषांच्या ९४ किलो वेटलिफ्टिंगमध्ये पुढचे एकेक जण फेरतपासणीत बाद होत गेले आणि पाचव्या आलेल्या इराणी खेळाडूला सुवर्ण मिळाले. नववा आलेला पोलंडचा झिएलिन्स्की कांस्यपदकाचा मानकरी ठरला आणि तोच २०१६ च्या रिओत उत्तेजक चाचणीत सापडला होता!

लेक खो खो हसली. मग मी तिला आपल्या घरची गोष्ट सांगितली. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत मिश्र रिलेत हिमा दास, पूवम्मा, मोहम्मद अनस आणि अरोकिया राजीव यांना रौप्य मिळाले. बहारीन पहिले आले होते. पुढे बहारीनची धावपटू आदेकोया उत्तेजकामुळे बाद ठरली आणि २०२० च्या जुलैत आपले रौप्य सुवर्ण झाले. महिलांच्या ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत चौथ्या आलेल्या अनू राघवनला कांस्य मिळाले. १९५१ च्या दिल्ली स्पर्धेतला १५ सुवर्णांचा आपला विक्रम जाकार्तात गाठला गेला होता, तो असा दोन वर्षांनी मोडला! पदके ६९ ची ७० झाली. क्रमांक मात्र आठवाच राहिला.

‘‘पण त्या अनूला तेव्हा टाळ्या कुठे मिळाल्या?’’ लेकीने विचारले.

मला उत्तर सुचले नाही. आकडा दुरुस्त करता येतो. पण मैदानात चौथी येऊन रिकाम्या हाताने घरी परतलेल्या मुलीची ती संध्याकाळ कोण दुरुस्त करणार? कोष्टकात तिला रकाना नाही. म्हणून वाटते, ही फेरतपासणी उशिरा का होईना, व्हायलाच हवी. पण खरी राखण स्पर्धेच्या आधीच व्हायला हवी.

त्या रात्री मी ५१ वर काट मारली नाही. शेजारी पेन्सिलीने ४८ लिहिले आणि खाली ‘जानेवारी २०१७’ अशी नोंद केली. लेकीने जाकार्ताचे पान उघडले, ‘अनू राघवन, कांस्य’ असे लिहिले आणि वहीकडे बघत एकटीनेच टाळ्या वाजवल्या.