आजार की भांडण: जर्मनीत कौटुंबिक थेरपिस्ट कसे घडतात

पुण्याच्या किंवा वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाचा अर्ज गेला, की जोडप्याची गाठ बहुधा आधी विवाह समुपदेशकाशी पडते. १९८४च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यातच समुपदेशकांची तरतूद असल्यामुळे, हे काम कोणी करायचं याचं एक तरी सरकारी उत्तर आपल्याकडे आहे. जर्मनीत स्थायिक झालेली मानसशास्त्राची मराठी पदवीधर जेव्हा विचारते, ‘इथे मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्ट व्हायला काय शिकावं लागतं?’, तेव्हा मात्र उत्तराला फाटे फुटतात. अमेरिकेत या नावाचा स्वतंत्र परवाना असतो. जर्मनीत तो नाही.

जर्मनीत सगळं एका प्रश्नावर येऊन ठरतं: समोर आहे तो आजार की भांडण? आजारावर उपचार करायचा तर कायदा अंगावर येतो. ‘प्सिशोथेरापॉइट’, म्हणजे मानसोपचारक, ही पदवी १९९९पासून संरक्षित आहे. हक्क नसताना ती नावापुढे लावली तर दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नवराबायकोचं पटत नाही, हा मात्र कायद्याच्या लेखी आजार नव्हे. म्हणून ‘पारथेरापॉइट’, म्हणजे जोडप्यांचा थेरपिस्ट, अशी पाटी कोणीही लावू शकतो. ती पदवी संरक्षित नाही. आणि सरकारी आरोग्य विमाही निव्वळ दांपत्य समुपदेशनाचे पैसे देत नाही. पाटीवर विसंबून राहू नका असं मी म्हणते ते यासाठी.

आधी लांबचा, म्हणजे परवान्याचा, रस्ता पाहू. १ सप्टेंबर २०२०पासून नवा कायदा लागू झाला. त्याप्रमाणे तीन वर्षांची मानसशास्त्राची बॅचलर पदवी, त्यावर क्लिनिकल सायकॉलॉजी आणि मानसोपचार या विषयाची दोन वर्षांची मास्टर पदवी, आणि मग सरकारी परीक्षा. बॅचलरलाच प्रवेश मिळणं दुरापास्त. बारावीच्या गुणांवर जागा वाटतात आणि मानसशास्त्राची गुणमर्यादा बहुतेक विद्यापीठांत फार वर जाते. शिकताना प्रत्यक्ष कामाचे तासही कायद्याने ठरवून दिलेले आहेत. मास्टरमध्ये अशा कामाचे ६०० तास भरावे लागतात आणि त्यातले बरेचसे रुग्णालयात.

शेवटच्या परीक्षेचा एक भाग बघण्यासारखा आहे. विद्यार्थ्याला पाच कक्षांतून एकामागून एक जावं लागतं. प्रत्येक कक्षात रुग्णाची भूमिका करणारा, त्यासाठी तयार केलेला नट किंवा नटी बसलेली असते. वेळ जास्तीत जास्त वीस मिनिटं. एका ठिकाणी रुग्णाच्या सुरक्षिततेचा प्रश्न, म्हणजे समोरचा माणूस आत्महत्येच्या विचारात आहे का हे विचारता येतं का, दुसरीकडे निदान, तिसरीकडे उपचार काय, धोके काय, हे रुग्णाला कळेल अशा भाषेत समजावणं, उरलेल्या दोन ठिकाणी रुग्णाशी नातं जोडणं आणि मार्गदर्शक सूचनांना धरून उपचार सुचवणं. परीक्षक बाजूला बसून गुण देतात. घोकंपट्टीचा इथे काडीचा उपयोग नाही.

ही परीक्षा पास झाल्यावर ‘आप्रोबात्सिओन’ म्हणजे व्यवसायाचा परवाना मिळतो. पण तेवढ्याने विम्याच्या रुग्णांसाठी स्वतःचा दवाखाना उघडता येत नाही. त्यापुढे डॉक्टरांच्या एम.डी.सारखं किमान पाच वर्षांचं पगारी विशेष प्रशिक्षण आहे: काही काळ रुग्णालयात, काही काळ बाह्यरुग्ण विभागात. प्रौढ, मुलं अशा क्षेत्रांतलं एक निवडायचं, आणि उपचाराची एक पद्धतही. कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात या जागांचा पगार कोणी द्यायचा याचा घोळ कायदा लागू झाल्यावरही वर्षानुवर्षं मिटला नाही, आणि परवाना हातात असलेली मुलं जागेसाठी निदर्शनं करत राहिली. जुन्या पद्धतीत तर प्रशिक्षणार्थी स्वतःच्या खिशातून फी भरायचे आणि रुग्णालयात जवळजवळ फुकट राबायचे. त्या मानाने हे बरं म्हणायचं.

आता कुटुंब कुठे येतं? उपचाराच्या ज्या चार पद्धतींना सरकारी विमा पैसे देतो, त्यांतली एक ‘सिस्टेमिक थेरपी’. माणसाचा त्रास त्याच्या एकट्याच्या डोक्यात न शोधता घरातल्या नात्यांच्या जाळ्यात पाहायचा, ही तिची रीत. जर्मनीत तिचं मूळ जुनं आहे. गीसनचे मनोविश्लेषक होर्स्ट-एबरहार्ड रिश्टर यांनी १९६३ आणि १९७०च्या आपल्या पुस्तकांत आईबापांचे न सुटलेले प्रश्न मुलांच्या आजारात कसे उतरतात हे मांडलं. १९७४मध्ये मनोविश्लेषक हेल्म श्टीअरलिन हायडेलबर्ग विद्यापीठात आले आणि ते गाव कौटुंबिक थेरपीचं माहेरघर झालं. तरीही शास्त्रीय मान्यता मिळायला २००८ साल उजाडलं. प्रौढांसाठी विम्याचे पैसे २०२०च्या जुलैपासून आणि मुलांसाठी २०२४च्या जुलैपासून मिळू लागले. या पद्धतीत नवरा, आई किंवा मुलगा यांना सत्रात सोबत बसवता येतं. फक्त निदान झालेला एक रुग्ण असावा लागतो.

पण सिस्टेमिक थेरपी शिकलेले सगळेच परवानाधारक नसतात. समाजकार्य, शिक्षणशास्त्र, नर्सिंग अशा क्षेत्रांतले लोक नोकरी सांभाळून खासगी संस्थांत हा अभ्यास करतात. डीजीएसएफ ही कोलोनची आणि एसजी ही बर्लिनची, अशा दोन संघटना त्यांना प्रमाणपत्र देतात. समुपदेशकाचं प्रमाणपत्र साधारण दोन वर्षांचं, थेरपिस्टचं त्याहून लांब. वर्ग महिन्या-दोन महिन्यांनी दोन-तीन दिवसांचे, बहुधा शनिवार-रविवारला जोडून. फी आपली आपण.

यातला सगळ्यात कस लावणारा भाग म्हणजे स्वतःचं घर तपासणं. विद्यार्थ्याने आपल्या तीन पिढ्यांचा जेनोग्राम, म्हणजे नात्यांचा नकाशा, मोठ्या कागदावर काढायचा. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, गेलेल्या माणसावर फुली. वैर असेल तिथे नागमोडी रेघ, अबोला असेल तिथे तुटलेली. मग गटासमोर उभं राहून सांगायचं, की हा चौकोन चाळीस वर्षं त्या वर्तुळाशी का बोलला नाही. चुलत, मावस, आत्या, वहिन्या धरून चालणाऱ्या मराठी विद्यार्थ्याचा कागद लवकर भरतो, आणि वतनाच्या वाटणीवरून तुटलेल्या रेघा जर्मन सहाध्यायांना समजावताना त्याची दमछाक होते. त्याखेरीज स्वतः घेतलेल्या सत्रांच्या नोंदी ठेवायच्या, अनुभवी थेरपिस्टच्या देखरेखीखाली काम करायचं, एखादं सत्र शिक्षकांसमोर प्रत्यक्ष घ्यायचं. हे प्रशिक्षण कमी दर्जाचं आहे असं मला वाटत नाही. पण त्यामागे राज्याचा परवाना नाही, हेही विसरू नये.

परवान्याशिवाय आजारावर हात टाकायचा तर आणखी एक जर्मन चमत्कार आहे: ‘हाइलप्राक्टिकर’. १९३९च्या कायद्याने डॉक्टर नसलेल्यालाही उपचाराची मुभा मिळते, आणि १९९०च्या दशकापासून ती केवळ मानसोपचारापुरतीही घेता येते. अटी ऐकून आपण चाट पडतो. वय पंचवीस पूर्ण, किमान शालान्त शिक्षण, आणि आरोग्य खात्याची परीक्षा: पर्याय निवडायचे २८ प्रश्न, वेळ ५५ मिनिटं, २१ बरोबर आले की तोंडी परीक्षा. ही परीक्षा तुम्हाला उपचार येतात का हे पाहत नाही. तुमच्या हातून रुग्णाला धोका नाही ना, एवढंच पाहते. विमा कंपनीकडून सहसा पैसे नाहीत, रुग्ण स्वतः देतो. बरेच जण ही परीक्षा आणि वर सांगितलेलं सिस्टेमिक प्रशिक्षण यांची जोडी जमवतात, आणि तसं असेल तर गोष्ट वेगळी.

खुद्द संसाराच्या भांडणांचं मोठं काम मात्र चर्च आणि सेवाभावी संस्था करतात. कॅथलिक धर्मप्रांतांची विवाह, कुटुंब आणि जीवन समुपदेशन केंद्रं गावोगावी आहेत. तिथे ठरलेली फी नसते, जमेल तेवढी देणगी द्यायची. या कामासाठी कॅथलिक चर्चचं स्वतंत्र शिक्षण आहे. बर्लिनमध्ये प्रोटेस्टंट चर्चची मध्यवर्ती प्रशिक्षण संस्था आहे. धर्माशी संबंध नसलेली ‘प्रो फामिलिया’ १९५२पासून काम करते.

भारतातून येणाऱ्याने काय करावं? बी.ए., एम.ए. सायकॉलॉजीवर परवान्याच्या मास्टरला प्रवेश मिळणं कठीण, कारण आधीच्या बॅचलरमध्ये कायद्याने ठरवलेले विषय आणि तास असावे लागतात. इंग्रजीतून चालणारे मानसशास्त्राचे मास्टर अभ्यासक्रम संशोधनासाठी चांगले असतील, पण ते सहसा परवान्याकडे नेत नाहीत. परदेशी पदवीची बरोबरी ठरवतं ते त्या त्या राज्याचं परवाना कार्यालय, आणि ते पदवीच्या नावापेक्षा विषय आणि तास तपासतं. जर्मन भाषेची अपेक्षाही डॉक्टरांहून कडक आहे, कारण इथे औजार म्हणजे बोलणंच. समुपदेशनापुरतंच थांबायचं असेल तर परवाना लागत नाही. मात्र समोरच्या बाईची उदासी नैराश्याकडे झुकते आहे असं दिसलं, की तिला परवानाधारकाकडे पाठवावंच लागतं. परवान्याचाच रस्ता धरायचा असेल, तर अभ्यासक्रमाच्या तासांचा तपशील विद्यापीठाकडून शिक्क्यानिशी भारतात असतानाच घ्यावा. म्युनिकमध्ये बसून दहा वर्षांपूर्वीचा अभ्यासक्रम मागवणं म्हणजे विद्यापीठाच्या कचेरीत नातेवाइकांना हेलपाटे घालायला लावणं.