श्वासांतून हृदयाचा ठोका कसा वेगळा करावा?

रोग्याची छाती नळीनें ऐकण्याची विद्या १८१६ सालची. पॅरिसचे डॉक्टर लाएनेक यांनीं कागदाची सुरळी करून एका रुग्ण स्त्रीच्या छातीवर टेकविली, आणि आंतील ध्वनि त्यांस स्पष्ट ऐकूं आले. एक अडचण मात्र तेव्हांपासून आजतागायत राहिली आहे. कान फुप्फुसाकडे लावला, तरी शेजारचें हृदय आपला ठोका त्यांत मिसळल्यावांचून रहात नाहीं. मुरलेल्या डॉक्टराचा कान तो ठोका आपोआप बाजूस सारतो. ध्वनि नोंदून घेणाऱ्या यंत्रास तें शिकवावें लागतें.

यंत्रास हें शिकविण्याची गरज काय, असें वाचक विचारतील. जुन्नर व आंबेगांव तालुक्यांकडे पाहिलें म्हणजे उत्तर सांपडतें. नारायणगांव व मंचर हीं पुणें-नाशिक रस्त्यावरचीं गांवें; परंतु पश्चिमेस नाणेघाट, आहुपे या बाजूस वस्त्या डोंगरांत विखुरलेल्या आहेत आणि पाऊसहि मोठा. तेथील धाप लागलेलें मूल तज्ज्ञाकडे नेण्यापेक्षां त्याच्या छातीचा ध्वनि तज्ज्ञाकडे पाठविणें सोपें. मात्र तो ध्वनि निवडलेला हवा.

हृदयाचे ठोके खर्जांतले; सेकंदास सुमारें २० ते १५० कंपनांचे. श्वासाचा ध्वनि सुमारें १०० पासून १००० कंपनांपर्यंत व त्याहूनहि वर जातो. खालचे सूर सरसकट छाटले तर ठोका जातो खरा, पण श्वासाचाहि कांहीं अंश जातो. खड्याबरोबर मूठभर तांदूळ फेंकण्यासारखेंच हें झालें.

यास्तव एक ध्वनिग्राहक फुप्फुसावर व दुसरा हृदयावर ठेवतात. दुसऱ्यानें टिपलेला ठोका पहिल्यांत किती उतरला असेल याचा अंदाज गणकयंत्र करतें, तेवढाच भाग वजा करतें, आणि बाकींत ठोका उरला तर अंदाज पुन्हां सुधारतें. अमेरिकेंत विड्रो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७५ सालीं हें तत्त्व विस्तारानें मांडलें, आणि आईच्या हृदयाचा प्रभाव वजा करून गर्भाच्या हृदयाचा विद्युत्-आलेख वेगळा काढून दाखविला. १९८६ सालीं अय्यर, राममूर्ति प्रभृति संशोधकांनीं तीच युक्ति फुप्फुसाच्या ध्वनीस लावली.

जुन्नर तालुक्यांतच अशा निवडीचें दुसरें उदाहरण आहे. खोडदची दुर्बीण ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांनीं आकाशांतील अतिक्षीण रेडिओलहरी टिपते. विजेच्या तारांतून उठणारा गोंगाट तींतून ओळखून वगळावा लागतो. परंतु खगोलशास्त्रज्ञास तोच तारा उद्यां पुन्हां पहातां येतो. आजारी बालकाच्या बाबतींत ही सवड नसते.

न्युमोनियांतील चरचर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहूनहि अल्प काळ टिकते. तान्ह्या मुलाच्या हृदयाचे ठोके मिनिटास शंभराहून अधिक. ते सारे क्षण कापून टाकले तर चरचरहि त्यांबरोबर नाहींशी होईल, आणि स्वच्छ झालेला ध्वनि ऐकून डॉक्टर निर्धास्त होतील. म्हणून निवडलेल्या ध्वनीबरोबर मूळ ध्वनिहि जपून ठेवावा, असें आमचें मत आहे.

यंत्र हाताशीं नसलें तरी आईस एक गोष्ट करतां येते. खोकला किंवा ताप असलेलें मूल शांत असतां पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आंत ६०, एक वर्षापर्यंत ५० व पांच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले, अथवा श्वास घेतांना छातीचा खालचा भाग आंत ओढला जाऊं लागला, तर विलंब न करतां डॉक्टरांकडे जावें.