ओझर ते दिल्ली : अंतर किती, वेळ किती?



ओझरहून दिल्लीचे विमान धरून कामे उरकून येणारे आता आपल्यातही आहेत. त्यांच्यापैकी एकाने आम्हांस विचारले, "अंतर हजार किलोमीटर, विमान पळते ताशी आठशेने, मग तिकिटावर दोन तास कशाला लावतात?" प्रश्न रास्त आहे.

ओझरहून दिल्लीचा विमानतळ सरळ रेषेत साधारण ९९० किलोमीटर. रेल्वे भुसावळ, इटारसी, भोपाळ, झाशी असा वळसा घेते, म्हणून तिला साडेतेराशेच्या आसपास पडतात. वैमानिक हेच ९९० किलोमीटर ५३५ नॉटिकल मैल म्हणून सांगतात. हा मैल १.८५२ किलोमीटरचा, आपल्या जुन्या मैलापेक्षा मोठा. ऐकून गोंधळू नये.

आता वेळ. आठशेचा वेग हा उंचावर गेल्यावरचा. चढताना आणि उतरताना तो बराच कमी असतो. शिवाय विमान नकाशावरच्या रेषेने न जाता ठरवून दिलेल्या हवाई मार्गाने जाते. आणि मुख्य गोष्ट, तिकिटावरची वेळ ही विमान ओझरला जागेवरून हलल्यापासून दिल्लीत जागेवर उभे राहीपर्यंतची असते. आपल्या उसाचेच बघा ना. फडातून कारखाना दहा-बारा किलोमीटर, ट्रॅक्टर पाऊण तासात येतो. पण काट्यावर नंबर लागून गव्हाणीपाशी ट्रॉली रिकामी होईतो किती वेळ जातो, हे आम्ही सांगायला नको. दिल्लीच्या आकाशातही असाच नंबर लागतो. डिसेंबर-जानेवारीत धुके पडले की विचारूच नका. त्या दिवसांत कोर्टाची तारीख असेल तर आदल्या दिवशीच पोहोचलेले बरे.

घरून निघाल्यापासून हिशेब धरा. ओझरपर्यंत एक तास, उड्डाणाआधी दोन तास, विमानात दोन, दिल्लीत बाहेर पडून शहरात जायला दीड. झाले साडेसहा. रेल्वेत रात्र काढावी लागते, म्हणजे दिल्लीला विमान परवडते. मुंबईचे तसे नाही. ओझर-मुंबई हवेतून अवघे १६० किलोमीटर भरते. 'उडान' योजनेखाली डिसेंबर २०१७ मध्ये ही सेवा सुरू झाली, पण टिकली नाही. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि विमानांना थांबावे लागते. हवेतला पाऊण तास धरला तरी पुढचे-मागचे मिळून पाच तास होतात. नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेस त्याआधी पोहोचवते.

ज्यांची मुले आखातात आहेत त्यांच्यासाठी एक. तिकिटावर पोहोचण्याची वेळ तिथल्या घड्याळाची असते. दुबईचे घड्याळ आपल्या दीड तास मागे. मुंबईहून सकाळी १० ला सुटलेले विमान तिथे पावणेबाराला उतरेल असे छापलेले असले, तरी प्रवास सव्वातीन तासांचाच. फोन लावायचा तो इथल्या सव्वाएकनंतर.