काच, साबण आणि पाण्याखालची नजर

अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याची माहिती देताना लोणारची खास नोंद केली आहे. मेहकर सरकारातल्या या खाऱ्या सरोवरात काच आणि साबण करायला लागणारा माल मिळतो, असं तो सांगतो. लोणार ज्या बुलढाणा जिल्ह्यात आहे त्याला समुद्र नाही, स्कूबा डायव्हिंगशी त्याचा थेट संबंधही नाही. तरीही डायव्हिंगच्या मास्कवर वाफ का धरते आणि ती कशी टाळायची, हे समजून घ्यायचं तर सुरुवात लोणारपासून करावी. तो सगळा मामला या दोनच वस्तूंचा आहे: काच आणि साबण.

उल्केच्या आघाताने बेसाल्ट खडकात पडलेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात लोणारचं पाणी साठलं आहे. त्यात सोडियमचे क्षार भरपूर आहेत आणि त्याचा सामू दहाच्या आसपास जातो. नुसती वाळू वितळवायला सतराशे अंश सेल्सिअसच्या घरातली उष्णता लागते. तिच्यात या क्षारांतला सोडा मिसळला की ती बऱ्याच कमी तापमानाला वितळते. चुना घातला की तयार होणारी काच टिकाऊ होते. तोच सोडा चुन्याच्या मदतीने दाहक केला आणि तेलात शिजवला की साबण होतो. आज डायव्हिंगच्या मास्कमध्ये बसवलेली काच याच सोडा-चुन्याच्या कुळातली असते. फक्त तिला सहाशे अंशांच्या वर तापवून झपाट्याने थंड केलेलं असतं. अशी टेम्पर्ड काच फुटली तरी तिचे धारदार सुळे होत नाहीत, बारीक बोथट तुकडे होतात. डोळ्यांपुढे काच धरायची तर ती अशीच हवी.

ही काच डोळ्यांपुढे लागतेच कशाला? आपला डोळा हवेत पाहण्यासाठी घडला आहे. प्रकाश वळवण्याचं मोठं काम बुबुळावरचा पारदर्शक पडदा करतो. हवेतून त्यात शिरताना प्रकाश चांगला वळतो. पाण्यातून शिरताना जेमतेम वळतो, म्हणून पाण्यात उघड्या डोळ्यांना सगळं धूसर दिसतं. मास्क डोळ्यांपुढे हवेचा एक कप्पा धरून ठेवतो आणि डोळ्याला त्याची हवा परत देतो. सपाट काचेतून मासे सुमारे एक तृतीयांशाने मोठे दिसतात आणि जवळही भासतात, एवढाच फरक राहतो.

या कप्प्यात नाकही असावं लागतं. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो आणि कप्प्यातल्या हवेचं आकारमान निम्म्यावर येतं. नाकाने थोडी हवा सोडून ती तूट भरली नाही, तर मास्क चेहऱ्याला ओढून धरतो आणि डोळ्यांभोवतीच्या नाजूक रक्तवाहिन्या फुटू शकतात. पोहण्याच्या गॉगलमध्ये नाक बाहेर राहतं, म्हणून डायव्हिंगला तो चालत नाही. पण नाक आत आलं की श्वासाची वाफही आत येते. डायव्हरला नाक आवश्यक आहे आणि त्याच्या काचेला ते त्रासदायक आहे.

चेहऱ्याची त्वचा साधारण चौतीस अंशांवर असते. मालवणचा समुद्र उबदार म्हणावा असा, तरी त्याचं पाणी त्वचेपेक्षा थंडच असतं आणि ते काचेची उष्णता सतत ओढून घेतं. आतली दमट हवा त्या गार काचेला टेकली की दव पडणारच. ते थांबवता येत नाही. मात्र ते दव कोणत्या रूपात बसेल, हे आपल्या हाती आहे. काचेवर तेलकट थर असेल तर पाणी आक्रसून असंख्य सूक्ष्म थेंबांत बसतं, प्रत्येक थेंब प्रकाश विखुरतो आणि काच पांढरी होते. काच स्वच्छ असेल आणि तिच्यावर साबणासारखा पाण्याचा पृष्ठताण कमी करणारा पदार्थ असेल, तर तेच पाणी सपाट पसरतं. त्या पातळ पापुद्र्यातून सगळं स्वच्छ दिसतं.

म्हणून पहिलं काम तेलकट थर घालवण्याचं. नव्या मास्कवर हा थर हमखास असतो: कारखान्यातून आलेला आणि सिलिकॉनच्या कडेतून काचेवर उतरलेला. पांढरी, किंचित खरखरीत टूथपेस्ट घेऊन काच आतून बोटाने चांगली घासावी, धुवावी, पुन्हा घासावी. जेल टाळावी. काही जण लायटरच्या ज्योतीने थर जाळतात. पण त्यात सिलिकॉनची कड भाजण्याचा धोका आहे. प्लास्टिकच्या किंवा लेप दिलेल्या भिंगांवर ज्योत आणि टूथपेस्ट, दोन्ही टाळावीत.

दुसरं काम प्रत्येक बुडीपूर्वीचं. कोरड्या काचेला आतून थुंकी लावायची, बोटाने पसरायची, समुद्राच्या पाण्यात एकदाच हलकं विसळायचं आणि लगेच मास्क चढवायचा. थुंकीतली प्रथिनं पाणी पसरवतात, म्हणून हा जुना उपाय चालतो. भाड्याचा मास्क अनेकांच्या चेहऱ्यावर चढतो, तिथे मात्र पाण्यात मिसळलेला लहान मुलांचा शाम्पूच बरा. कोविडच्या साथीत डायव्हिंग संस्थांनीही थुंकी टाळायला सांगितलं. चेहरा आधी समुद्राच्या पाण्याने गार करावा, सनस्क्रीनची बोटं काचेला लावू नयेत, मास्क घामेजल्या कपाळावर चढवून ठेवू नये आणि पाण्यात श्वास तोंडानेच घ्यावा.

विसळण्याला महत्त्व आहे, हे अवकाशातही कळलं. १९६६ साली जेमिनी-९ मोहिमेत यानाबाहेर काम करताना अंतराळवीर जीन सर्नन यांच्या शिरस्त्राणाची काच वाफेने भरली आणि त्यांना काम अर्धवट सोडावं लागलं. पुढे अशा काचांना वाफरोधक द्रव लावला जाऊ लागला. २००१ साली असाच द्रव डोळ्यांत गेल्याने अंतराळवीर ख्रिस हॅडफिल्ड यांना अवकाशात काही काळ दिसेनासं झालं. जास्तीचा साबण काढून टाकणं हाही तंत्राचाच भाग आहे. चष्म्याचंही तसंच. साबणाच्या पाण्याने चष्मा धुतला की तोंडावर मास्क असतानाही त्यावर वाफ धरत नाही, असा सल्ला ब्रिटनमधल्या शल्यचिकित्सकांच्या नियतकालिकात २०११ सालीच छापून आला होता.

विदर्भातली अनेक कुटुंबं सुटीत मालवण-तारकर्लीला जातात आणि आयुष्यात पहिल्यांदा मास्क लावतात. तारकर्लीत महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. मालवणच्या समुद्रात १९८७ साली घोषित झालेलं सागरी अभयारण्य आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात प्रवाळ आहेत. ते फार हळू वाढतात आणि एका लाथेने मोडतात. काच धूसर झालेला नवखा माणूस घाबरतो, हातपाय झाडतो, मिळेल त्या खडकावर उभा राहतो. तो खडक जिवंत असू शकतो.

म्हणून पाण्यात उतरण्याआधी प्रशिक्षकाला विचारावं: काचेला काय लावलंय? मास्कमध्ये पाणी घेऊन काढायचं कसं, ते कंबरभर पाण्यात शिकून घ्यावं. काचेवर वाफ आलीच तर मास्कची कड किंचित उचलून थोडं पाणी आत घ्यायचं, डोकं हलवून काच धुवायची, मग वरची कड कपाळाशी दाबून, मान किंचित मागे करून नाकाने हवा सोडायची. पाणी खालून निघून जातं. एवढं ज्याला येतं तो वाफेला घाबरत नाही, आणि जो घाबरत नाही त्याची लाथ प्रवाळाला लागत नाही.